सवा महिन्याचा डाग

प्रिय माय,

जिंकलो गं आपण! तू असतीस तर फोनच केला असता. नाहीस, म्हणून लिहितेय.

माझ्या पाठच्या दिनूच्या बाळंतपणात तू सवा महिना पुरा न करता पेरणीला शेतात गेलीस. पुढे दिनू बोलेना, हाक मारली तर बघेना, शिरपूरच्या स्टँडवर एसटीच्या आवाजानं कान झाकून बसे. झालं! मोठ्या काकूनं निकाल देऊन टाकला, "बाळंतीन भायेर निंगाली, बाधा झाली लेकराले." डॉक्टर स्वमग्नता म्हणाले, तरी गावानं तुझंच नाव घेतलं. तू का भांडली नाहीस गं? मला अजून राग येतो त्याचा.

मी काम करते त्या पुण्याच्या प्रयोगशाळेत दिनूचं रक्त दिलं होतं. त्यातल्या पेशींना मागे नेऊन गर्भातल्यासारखं कोवळं केलं. त्यांना मूलपेशी म्हणतात. मग त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवल्या. रोज खाऊपिऊ घालायचं, ऊब सांभाळायची, दिवाळीलाही सुटी नाही. बाळंतपणच म्हण ना!

आणि बशीतल्या त्या पेशी इतरांच्या पेशींपेक्षा वेगळ्या वाढल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अगं, त्यांनी कुठे पाहिलं होतं आपलं शेत? त्यांना कोण बाधणार? वेगळेपण दिनूच्या घडणीतच होतं, तू शेतात पाऊल टाकायच्या आधीपासून. सगळं कोडं सुटलेलं नाही अजून, पण तू सुटलीस!

परवा घरी येऊन काकूला मोबाईलवर त्या पेशी दाखवल्या, समजावलं.

"म्हंजे कमलीचा काईच दोष नव्हता?"

"नव्हता, काकू."

तुझ्या फोटोकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

पण कालचं ऐक. शेजारच्या सुनेचं पोरगं अजून बोलत नाही. हिनंही सवा महिना पाळला नाही, अशी बायांची ओट्यावर कुजबुज चाललेली. काकू ताडकन उठली. "तिले कोनी काई बोलायचं नाई! आमच्या कमलीले मी जलमभर बोलली, ते खोटं होतं." सगळ्यांसमोर, माय!

दिनूला बदलायचं नाही, समजून घ्यायचं आहे. ते काम मी सोडणार नाही. आणि आपल्या गल्लीत पुन्हा कुठल्या आईला मान खाली घालू देणार नाही, हा शब्द. उद्या त्या सुनेला आणि पोराला घेऊन वाशीमला डॉक्टरकडे जातेय. काकू म्हणते, "मीबी येते."

तुझी,
मंदा