खिडकीजवळचा वाटा

माय,

परवाच्या रविवारी मी गावी जाऊन आले. महागावला एसटीतून उतरले आणि तिथून पुढे भाच्याच्या मोटारसायकलवर, गुडघे सांभाळत. आपल्या विहाराची बैठक होती. निधी आला आहे. वर स्लॅब पडणार हे आधीच ठरलं आहे, आणि छपरावरच्या कवेलूंनी इतकी वर्षं इतका वैताग दिला की त्यांचं दुःख कुणालाच नाही, मलाही नाही. प्रश्न होता भिंतींचा. दगडमातीच्या त्या भिंती पाडायच्या, विटांच्या उभ्या करायच्या आणि आतून चकचकीत टाइल्स लावायच्या, असं पोरांच्या मनात होतं. मोबाइलवर कुठल्याशा नव्या विहाराचा फोटो फिरत होता. मला तो पाहून बँकेची आठवण झाली. तसं मी बोललेही. कुणी हसलं नाही.

तुला सांगायला नको, पण मला पुन्हा आठवून बघायचं आहे. दीक्षेनंतर वस्तीने तो विहार उभा केला. तू लग्न होऊन आलीस तेव्हा भिंती छातीपर्यंत आल्या होत्या आणि हळदीच्या अंगाने तूही दगड वाहिलेस. पुढे रीतच पडली, की जयंतीच्या आधी प्रत्येक घराने भिंतीचा आपापला वाटा ओल्या मातीने पोतारायचा. आपला वाटा पूर्वेच्या खिडकीजवळचा. मी घमेलं धरून उभी आहे, तू नाल्याकाठची पांढरी माती कालवून पोतेरं भिंतीवर फिरवते आहेस. शेजारच्या काकूंचा हात सरळ खाली यायचा, तुझा अर्धगोल वळायचा. दोन वाटे जिथे भेटायचे तिथे हात बदललेला स्पष्ट दिसे. एकदा तू पाणी प्यायला गेलीस तेवढ्यात मी कोपरा उरकून टाकला. तू बोटाने पाहिलंस, ओल्या फडक्याने सगळं पुसलंस आणि पोतेरं परत माझ्या हातात दिलंस. "घरची भित असती तं चाललं असतं. इथं सारी वस्ती येऊन बसते. पुन्हा कर." मी रडत रडत केलं. तो कोपरा आजही बाकीच्या भिंतीपेक्षा सपाट आहे, जाईन तेव्हा मी त्यावरून हात फिरवते.

तू गेल्यावर काही वर्षांनी भिंती टिकाव्यात म्हणून मंडळींनी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, आतून चुना मारला, आणि पोतारणं बंद पडलं. भलं करायला गेले आणि नको ते झालं. सिमेंटच्या आड ओल कोंडली. यंदा पावसाळ्यानंतर रस्त्याकडची भिंत पोटुशीसारखी फुगली. प्लास्टर उकललं तेव्हा आतली माती बोटाने निघत होती. तरी बाकीच्या तीन भिंती धड आहेत. सिमेंट काढून फुगलेला भाग नव्याने रचला तर त्या राहतील, एवढी चौकशी मी यवतमाळहून करूनच गेले होते. अट एकच, पुन्हा दरसाल मातीने पोतारावं लागेल.

हे मी मांडलं, तेव्हा आपल्याच घरातली नातसून उभी राहिली. तू तिला पाहिलेलं नाहीस. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते, संध्याकाळी घर बघते, आणि बोलायला भीत नाही. म्हणाली, "आत्याबाई, भित राह्यली तं चांगलंच हाय. पण दरसाल पोतारन कोन? तुमी येसान का यवतमाळहून? आमीच करून राह्यलो सारं, हेबी आमच्याच बोडक्यावर." बायका माना डोलवायला लागल्या. मला राग आला. खरं तर राग यायचं कारण नव्हतं, ती बरोबरच बोलत होती.

मग मी उठले आणि म्हणाले, "ह्या भिती राहाव्या असं माह्या मायचं म्हननं होतं. जाता जाता सांगून गेली मले." तुझं नाव अजून वस्तीत चालतं, माय. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, पोरांनी मोबाइल खिशात घातले. भिंती राहणार. स्लॅबचं वजन त्यांच्यावर न टाकता वेगळे खांब घ्यायचे ठरलं. बायकांनी तिथेच वाटे वाटून घेतले आणि खिडकीजवळचा वाटा नातसुनेकडे आला.

निघताना ती मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत तिने विचारलं, "आजीले खरंच आवडे का हे काम?" मी हो म्हणाले.

तू काय म्हणायचीस ते मला नीट आठवतं. उन्हाळ्याची दुपार, तू वावरातून आलेली, हाताच्या भेगांत माती शिरून आग होत होती आणि मी त्यावर खोबरेल लावत होते. "आमचे हात गेले पोतारता पोतारता," म्हणालीस. "माह्या मागं तरी सिमिट मारून टाका म्हना. कायले पोरीसोरीच्या नशिबी हे?" तुझं भिंतींबद्दलचं म्हणणं एवढंच होतं.

हे पत्र मी नातसुनेला वाचून दाखवणार नाही, कुणालाच नाही. ती भिंत तुला नको होती, माय. मला हवी आहे. आणि जयंतीच्या आधी तुझ्या खिडकीजवळ हात तिचे भेगाळणार आहेत.