ताईचं हलकं पान

३ मार्च
आलो एकदाचा! तिसऱ्या मजल्यावर खोली, खाली लॉन्ड्री. गरम कपड्यांचा वास दिवसभर फुकट. घरमालकीण काकू बोलक्या. काका मात्र इतके गप्प, की आधी वाटलं खुर्चीवर चादर वाळत घातलीय. काम म्हणजे मजाच. काकूंच्याच घरात बुटाच्या खोक्याएवढं एक यंत्र आहे, ते अडलं की बंद-चालू करायचं, बस. काही हौशी लोकांचं एक छोटं जाळं आहे, त्यात नुसता मजकूर चालतो. त्यांना एखादी वेबसाइट वाचायची झाली, की हे मधलं खोकं, म्हणजे प्रॉक्सी, ती घेऊन येतं, चित्रं-रंग-जाहिराती छाटतं आणि उरलेलं हातात देतं. कुणीही वापरा. माझी ही सातवी नोकरी. ताई म्हणेल, भिंगरी, बघू किती दिवस टिकतोस.

५ मार्च
सकाळी लॉन्ड्रीवाल्याशी इस्त्रीवरून गप्पा रंगल्या, अर्धा दिवस गेला. मग प्रॉक्सीतून ताईचं पान वाचलं. ताई कपडे आल्टर करते आणि गिऱ्हाइकांच्या गमती तिथं लिहिते. शिवाय भाऊजींचे फोटो, दोऱ्यांच्या रिळांचे फोटो. माझ्या फोनवर ते उघडेपर्यंत माणूस म्हातारा होतो, इथं चुटकीसरशी! राहवेना. जाळ्यातल्या फळ्यावर दुवा टाकून लिहिलं, माझ्या ताईला वाचाच. संध्याकाळपर्यंत चाळीस वाचक! उगाच नाही, माझीच बहीण.

८ मार्च
ताईचा फोन. डोळे तपासून आली म्हणे, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहेत. पण सगळी रिळं करडी दिसतात. कुणाच्या लाल कोटाला हिरवा दोरा घातला. मी म्हटलं, फॅशन म्हणून खपव. ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, घरात एक माणूस वावरतोय रे. आवाज तुझ्या भाऊजींचा आहे, पण तोंड कुणाचं आहे?
तिचं पान साध्या ब्राउझरमधून उघडलं. एकही फोटो नाही. अक्षरं सगळी करडी.

९ मार्च
काकूंना विचारलं. शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, या खोक्यातून वाचलं की छाटलं जातं, आधी पानातून, मग माणसातून. एकदा सुरू झालं की कुठूनही वाच, फरक पडत नाही. तुझे काकाही लिहायचे. फार कटकटे होते. मी रोज सकाळी चहाबरोबर एकदा वाचायचे. आता बघ कसे गुणी झालेत.
त्यांनी काकांच्या गालाला चिमटा काढला. काका म्हणाले, हो.

१० मार्च
यंत्राची वायर उपटली. काकू पोट धरून हसल्या. अशी खोकी शेकड्यांनी आहेत म्हणे, आणि दुवा तूच गावभर केलास.
ताईला फोन केला, पान पुसून टाक. कसलं पान, म्हणाली. पासवर्ड? आठवेना. भाऊजींनी फोन घेतला. रडत होते. ती त्यांना गिऱ्हाईक समजते. सकाळपासून तीनदा त्यांच्या खांद्याचं माप घेतलंय.

१२ मार्च
फक्त किती उरलंय ते बघायला उघडलं. चारच ओळी. पुन्हा बघितलं तर तीन. म्हणजे मीही — माझंही बघणं मोजलं जातं. फोन गादीखाली ठेवला. तासाभरात काढला.
दोन.

१३ मार्च
भाऊजी म्हणाले, काहीही विचारलं तरी हो म्हणते. स्वतःहून एवढंच विचारते, भिंगरी आला का?
ती तिच्या पानावरची शेवटची ओळ. मला पाठ आहे. भिंगरी घरी आला की त्याचा फाटका खिसा शिवायचाय.
लगेच ये म्हणाले. तुला तरी ओळखेल.

१४ मार्च
बसमध्ये. बघणार नाही. आईशपथ नाही.
पण दुसरं कुणी वाचलं असलं तर? ओळ गेलीच असली तर मी कुणाकडे —
नाही.

१४, दुपार
पायरीवर बसून लिहितोय. बेल वाजवायचा धीर होत नाही. आत शिलाई मशीन चालू आहे, म्हणजे ती आहे. खिसा दाखवला की ओळखेल. नाही ओळखलं तर — आधी कळायला हवं. फक्त ओळ आहे का, एवढंच. एकदाच.
आहे! आहे, आहे! भिंगरी घरी आला की त्याचा —
आला की — पान कोरं.
मशीन थांबलं. ताई, मी आ