खुराड्यातील चार आश्रम

५ फेब्रुवारी १९८४, रविवार

ज्या कृपेने चिमणीलाही नेमकी काडी नेमक्या वेळी सापडते, त्या कृपेस प्रथम वंदन. तिच्यावाचून मनुष्याचे हात हे केवळ लोंबणारे अवयव होत. आता विषय : खुराडा.

सून स्मिता हिला सहावा महिना. डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचे सांगितले. रोज दोन अंडी खावीत असा आदेश. आमच्या घरात आजवर अंडे आलेले नाही. तथापि स्मिता पेणची, तिच्या माहेरी सर्व चालते, आणि गर्भिणीचा आहार हा आपद्धर्म होय. पुष्कळ चिंतन करून मी निर्णय दिला : अंडे चालेल, बाजारातले चालणार नाही. बाजारातल्या अंड्याचे ना कूळ ठाऊक, ना शील. आपल्या परसात, माझ्या देखरेखीखाली, शुद्ध वातावरणात घातलेले अंडेच सुनेच्या ताटात पडेल.

चिरंजीव दिलीप म्हणाला, "आबा, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आणू का दोन?" त्यास 'अज्ञातकुलशील' या समासाचा विग्रह सांगितला. ऑफिसला उशीर होतो म्हणून तो मध्येच उठला. आज रविवार आहे.

स्मिता एवढेच म्हणाली, की येथे इस्पितळ जवळ म्हणून बाळंतपण येथे ठरवले. पण अंडी मिळणार नसतील तर ती पेणला आईकडे जाईल. सौ. सुमित्राबाईंचा चेहरा उतरला. मी अभय दिले. सूनबाईला उंबरठा ओलांडावा लागणार नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

वाशी गावच्या भागीरथीबाईंनी तीन कोंबड्या दिल्या. बाईंची तीन मजली चाळ आहे, खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. कोंबड्या केवळ हौस म्हणून. "कोंबरा नको का, मास्तर?" असे विचारले. मी म्हणालो, पुरुषाच्या सान्निध्याने चित्त विचलित होते. "बरां," म्हणाल्या. "अंडी तशीबी देतील. पिल्ली नाय व्हायाची."

बाहेरची पेटी सुताराने केली. अंतरंग मात्र ज्ञात्यानेच रचावे. आत बसावयास चार दांड्या, एकीवर एक. सर्वांत खाली ब्रह्मचर्य, मग गृहस्थ, मग वानप्रस्थ, छपराला लागून संन्यास. वयाने थोर काळी कोंबडी संन्यासात, तांबडी वानप्रस्थात, ठिपक्यांची कवडी गृहस्थाश्रमात. ब्रह्मचर्याश्रम रिक्त. अंडी घालण्यासाठी तळाशी गर्भगृह : काळोखे, उबदार, मऊ पेंढ्याचे, पुढे गोणपाटाचा पडदा. शांतता राहावी म्हणून परसातला रेडिओ बंद करविला.

अशी रचना सबंध नवी मुंबईत नसेल.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

तिघीही संन्यासाच्या दांडीवर. कवडीला पुनःपुन्हा गृहस्थाश्रमात उतरवले. टोचली आणि पुन्हा वर. संसाराचा इतक्या लवकर वीट? काळ कठीण आहे.

११ फेब्रुवारी, शनिवार

संन्यासातून पडणारा सर्व मळ खालच्या तीन आश्रमांवर आणि पाण्याच्या भांड्यात. वरच्यांनी खालच्यांवर काय टाकावे, याविषयी शास्त्र मौन आहे. सुमित्राबाई म्हणाल्या, "मठातही तसंच असतं. झाडायला घ्या." आज कंबर धरली आहे. उद्या निश्चित झाडणार.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिले अंडे. तांबडीचे.

स्मिता वाटी घेऊन दारात उभी राहिली. मी थांबविले. फळ ओरबाडून घेऊ नये. जिचे आहे तिने अनुज्ञा द्यावी. कोंबडी स्वतःहून अंड्यापासून विरक्त झाली म्हणजे उचलू. स्मिता म्हणाली, "आबा, ती सही वगैरे करणार आहे का?" गर्भिणीच्या बोलण्याचा राग मानू नये.

२२ फेब्रुवारी, बुधवार

गर्भगृहात अंड्यांची रास. अनुज्ञा अद्याप नाही.

उलट एक अद्भुत घडले आहे. तांबडी अंड्यांवर बसली ती उठतच नाही. दाण्याकडे पाहत नाही. पिसे फुलवून, डोळे अर्धोन्मीलित, स्तब्ध. सायंकाळी काळीही शेजारी तशीच बसली. मला गहिवरून आले. वास्तूचा परिणाम प्राणिमात्रावर होतो हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत होतो. एकाही विद्यार्थ्यावर झाला नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

कवडीसही समाधी लागली.

भागीरथीबाई सहज आल्या, पडदा वर करून पाहिले, म्हणाल्या, "मास्तर, ह्या तर खुडूक झाल्यान."

हा शब्द मी प्रथमच ऐकला. व्युत्पत्ती तत्काळ स्फुरली : क्षुधा जिची उडून गेली ती 'क्षुधोत्का'; क्षचा ख, धचा ड; खुडूक. निराहार तपस्विनी. ग्रामीण जनांच्या मुखी आपली प्राचीन परिभाषा कशी टिकून आहे, यावर मी बाईंना थोडे सांगितले. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "तां सगलां खरां. पन अशी बसली का अंडां बंद. काळोख नि मऊ पेंढा दिलाव, वर अंडी आत ठेवलाव, ती कशाला उठंल? अंडी काढा नि बादलीत गार पान्यात बुचकळा. येतील ताळ्यावर."

पूर्वी समाधी मोडावयास अप्सरा येत. आता बादली येते. मी नम्रपणे नकार दिला.

२ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांकडे तपासणी. रक्त आणखी उतरले. अंडी खाता का, असे विचारता स्मिता म्हणाली, "आमच्या कोंबड्या ध्यानाला बसल्यात." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलविली.

घरी आल्यावर सुमित्राबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "कोंबड्यांचा मोक्ष नंतर बघा. आधी पोरीच्या रक्ताचं बघा." संसारी स्त्रियांची दृष्टी समीपची असते. मी दूरचे पाहतो आहे : एकेका अंड्यातून एकेक पिल्लू, आणि पुढे अंड्यांची परंपराच. धीर हवा.

स्मिता जिना चढताना मध्येच बसली. दमली म्हणाली. उद्यापासून तिला खजूर सुरू करावा.

८ मार्च, गुरुवार

खजूर आणायचा राहिला.

खुराड्याला दर्प येतो. तपाचा गंध असावा.

११ मार्च, रविवार

गंध तपाचा नव्हता. मी मस्तक आत घालून निरीक्षण करीत असता काळीखालचे एक अंडे फुटले. मी चष्म्यासहित सापडलो. स्मिताला मोरीत उलट्या झाल्या. भागीरथीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "कोंबरा तुमीच नको म्हनलाव ना? मग पिल्लू काय मंतरानी व्हयाचां होतां?"

स्नान केले. पुन्हा केले. मग विहित प्रायश्चित्त म्हणून बादली स्वतः भरून दिली. तिघी तपस्विनी बाईंनी बुचकळल्या. त्या भिजून कावळ्यांसारख्या दिसल्या. आता अंडी पुन्हा कधी, असे विचारता बाई म्हणाल्या, "बगू. रुसल्यान त्या."

१२ मार्च, सोमवार

सकाळी स्मिताची बॅग दाराशी. दिलीप रिक्षा आणावयास गेला, जाताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आई, निघतो." सुमित्राबाई तिच्या पदराला डिंकाचे लाडू बांधीत होत्या. स्मिताचा चेहरा कागदासारखा.

मी उपरणे घेतले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

गोटीराम दुकानदार म्हणाला, "या मास्तर. उदबत्ती?" गर्दी होती, तो शब्द मुखातून निघेना. मी म्हणालो, शुभ्र वस्तू. "साबण?" गोल. "मग डांबराच्या गोळ्या म्हणा की." अखेर मी 'अंडी' असे म्हणालो, आवाज वर्गातला लागला. सर्व रांग वळली. प्रत्येक अंडे मी उन्हासमोर धरून पाहिले. गोटीराम म्हणाला, "पत्रिका देऊ का सोबत?" मागची बाई म्हणाली, "आजोबा, आटपा, माझं दूध उतू जाईल."

उपरण्यात बांधून आणली. घाईत एक वाटेतच फुटले, ते सदऱ्यावर आले. दारात रिक्षा उभी होती. सुमित्राबाईंनी विचारले नाही, की कूळ कोणते. त्यांनी स्वतःच्या हातांनी पातेले चढविले.

स्मिताने पायरीवर बसून दोन खाल्ली. मीठ मागितले, मी आणून दिले. रिक्षावाला भोंगा वाजवू लागला, तेव्हा ती दिलीपला म्हणाली, "त्याला जायला सांग." मग मला म्हणाली, "आबा, उद्या सकाळी लवकर जा. नंतर संपतात."

बॅग अजून दाराशी आहे. पिशवी कोणती न्यावी याचा मी विचार करीत आहे.

हे कुणाच्या हाती पडलेच, तर त्या वाचणाऱ्याचे आणि त्याच्या आप्तांचे कल्याण असो. ज्याला जे पथ्य सांगितले असेल ते त्याला त्याच दिवशी मिळो, आणि आणून देणाऱ्याचे पाय लवकर उचलोत.