मामांच्या विहिरीचं शून्य

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा दंडवत. (गेल्या खेपेला मी ‘तीर्थरूप’ लिहिलं, तर आपण अख्खं पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवलंत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण मास्तरकी काही सुटली नाही.) आपले दोन्ही गुडघे आणि मामींचा रक्तदाब ताळ्यावर असावेत. मी ठीक. ठीक म्हणजे कामावर जातो, परत येतो, आणि मधल्या वेळात कुणीतरी माझ्यावर ओरडतं.

मी प्रयोगशाळेत नक्की करतो तरी काय, असं आपण नेहमी विचारता. तर आमच्या खोलीत पुरुषभर उंचीचे बारा नळ उभे आहेत, मातीनं ठासून भरलेले. वरून तणनाशक टाकायचं, पाऊस समजून रोज झारीनं पाणी घालायचं आणि खालच्या बाटलीत काय उतरतं ते बघत बसायचं. सतरा वर्षं मी मातीला पाणी घालतोय आणि एक पान उगवलेलं नाही. (उगवलं तर चौकशी बसेल.) त्यातून कळलं ते असं, की वरच्या वीतभर मातीत जंतूंची दाट वस्ती असते आणि ते तणनाशक खाऊन टाकतात, महिन्याभरात साधारण निम्मं. आमच्या साहेबांचा समज, की म्हणजे दोन महिन्यांत सगळं. तसं नसतं हो. दुसऱ्या महिन्यात उरलेल्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. भावकीतल्या रुसव्यासारखं, कमी होतं पण संपत म्हणून नाही. चिकणमाती ते निदान धरून तरी ठेवते. रेताड मातीत मात्र दोन सरी जोरात आल्या, की जंतूंच्या पंगतीतून निसटून ते खाली जातं. खाली गारवा, हवा नाही, खाणारं कुणी नाही. तिथं ते वर्षानुवर्षं ठाण मांडतं आणि सावकाश पाण्यात उतरतं.

आता मूळ भानगड. विहिरींचं पाणी तपासण्याआधी मशीनला एक स्वच्छ पाणी दाखवून सांगावं लागतं, की बाबा रे, याला शून्य समज. ते विहिरीचंच लागतं, कारण क्षार सारखे हवेत. नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी विचारलं, “असं निर्मळ पाणी कुठं मिळेल?” आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, “आमच्या मामांकडे.” (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.) दर महिन्याला मी जो कॅन भरून नेतो, तो घरी चहासाठी नव्हे, मशीनसाठी. आपलं पाणी गेली नऊ वर्षं या भागाचं सरकारमान्य शून्य आहे.

मागच्या महिन्यात नव्या बाई रुजू झाल्या. त्यांचा कुणाच्याच मामांवर विश्वास नाही. त्यांनी बाहेरून तसेच क्षार असलेलं सीलबंद पाणी मागवलं, त्याला शून्य धरलं आणि आपलं पाणी साध्या नमुन्यासारखं मशीनला लावलं. मशीननं आकडा दाखवला. बाईंनी मशीन धुतलं. मशीननं तोच आकडा दाखवला. मग मी धुतलं, मग साहेब स्वतः बाह्या सरसावून आले, आणि मशीन बिचारं हट्टानं तेच सांगत राहिलं. थोडक्यात, ज्या विहिरींत आपल्या विहिरीइतकं किंवा त्याहून कमी तणनाशक होतं, त्या सगळ्यांना मी नऊ वर्षं ‘निर्दोष’ असा शिक्का देत आलो. साहेब सरसावलेल्या बाह्या खाली ओढत म्हणाले, “तुम्हाला दुसरे मामा नाहीत का?”

आता चारशे बारा अहवाल पुन्हा करायचे आहेत. मी दमलोय, मामा. कामानं नाही, लोकांच्या विहिरीवर जाऊन “मागे सांगितलं ते चुकलं” असं म्हणण्यानं दमलोय. काल एका आजीबाईंनी शांतपणे विचारलं, “मग इतकी वर्षं आम्ही काय पीत होतो?” मामींना नमस्कार.

आपला,
भाचा

ता. क. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुऊ नये. आपण धुता. मी पाहिलं आहे आणि गप्प बसलो आहे.

आणखी ता. क. मुळात हे पत्र एका ओळीचं होतं. विहिरीचं पाणी पिणं आजपासून बंद करा. चौकातल्या नळाचं तपासून घेतलंय, ते चांगलं आहे. मामी म्हणतील त्याचा चहा बेचव होतो. होऊ द्या.

शेवटचा ता. क. विहिरीभोवतीच्या गवतासाठी तणनाशकाचा पहिला कॅन दहा वर्षांपूर्वी आपल्याला मीच आणून दिला होता. “महिन्याभरात मातीत नाहीसं होतं,” असं मीच म्हणालो होतो, आणि गणिताचे मास्तर असूनही आपण भाच्याला उलट प्रश्न विचारला नाहीत. आकडा कळून आज बावीस दिवस झाले. गेल्या रविवारी आलो तो हेच सांगायला. मामींनी तांब्या पुढे केला. मी दोन पेले प्यालो, पाणी गोड आहे म्हणालो आणि परत आलो.