व्हिसा आणि गडग्यावरची बिटकी

रत्नागिरी,
मंगळवार, ९ एप्रिल २००२

तीर्थरूप भिकादादास (कोर्टाच्या कागदावर वादी, घरच्या पंगतीत थोरला चुलतभाऊ),

धाकट्या हरिश्चंद्राचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही उभयता देवाच्या आणि डॉक्टरच्या मर्जीने बरे आहोत. तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, हे तुझी नात राही परवा कारखान्यावर येऊन सांगून गेली. ऐकून जीव भांड्यात पडला. आता आपल्या हद्दीवरच्या दगडी गडग्याच्या पलीकडचंसुद्धा स्वच्छ दिसत असेल. (बघायला आमची हरकत नाही. हरकत हात लावायला आहे, आणि ती कोर्टात नोंदवलेली आहे.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? पाडवा चार दिवसांवर आला, गुढीची काठी चढवायला त्यांना माडीवर पाठवू नकोस, तूही चढू नकोस.

पत्रास कारण की, मला अमेरिकेचा व्हिसा मिळाला. आपल्या घराण्यात समुद्राकडे तोंड करून पिढ्यान्‌पिढ्या बसलेले पुष्कळ, पण तो ओलांडायला सरकारी परवानगी मिळवणारा पहिला पुरुष मी. पुरुष हा शब्द मुद्दाम घातला आहे. कारण पहिली बाई आमची सौ. सावित्री, आणि तिला ती माझ्या दीड महिना आधी मिळाली. हे तुला राहीने सांगितलं असणारच. सगळ्या रत्नागिरीला सावित्रीने सांगितलं आहे. पण खरी हकिकत तुला माझ्याकडूनच कळायला हवी, कारण त्यात तुझा वाटा आहे, आणि या खेपेस मी तो खळखळ न करता कबूल करतो.

आपली नीरजा जुलैमध्ये बाळंत होणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिथल्या डॉक्टरणीने तिला विमानात पाय ठेवायचा नाही असं बजावलं. नीरजा फोनवर म्हणाली, "बाबा, आईला पाठवालच, पण तुम्हीपण या. पाळणा तुम्हीच ठोकायचा." दादा, तुला आठवतं, ती झाली तेव्हा पाळणा विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून मी आंब्याच्या खोक्याच्या फळ्या तासून केला होता? पोरगी त्यात झोपून एवढी शिकली, की आज तिथल्या कॉलेजात गोऱ्या मुलांना गणित शिकवते. तेव्हा लेक माहेरी येऊ शकत नसेल, तर माहेराने उठून तिच्याकडे जायचं, असं आम्ही ठरवलं. माहेराला व्हिसा लागतो हे मात्र आपल्या वाडवडलांनी कुठे सांगून ठेवलेलं नव्हतं.

त्यांचा कायदा मी नीट समजून घेतला आहे. तो असा, की येणारा प्रत्येक पाहुणा कायमचा राहायला येतोय असंच आधी धरून चालायचं. तसं नाही, हे पाहुण्याने पुराव्यानिशी सिद्ध करायचं. आपल्याकडे पाहुणा पायरी चढला की आपण "कधी आलात?" विचारतो, आणि "कधी जाणार?" हे पोटात ठेवतो. ते लोक पोटातलं आधी विचारतात. (मला हे आवडलं. आपल्या सावित्रीच्या मावशीच्या वेळी आपण असंच विचारलं असतं, तर तिचा चातुर्मास आपल्याकडे झाला नसता.) म्हणजे तिकिटाला पैसे आहेत का, मुलीचं पत्र आहे का, हे तर बघतातच, पण खरा प्रश्न एकच: बाबा रे, तुझं गावात असं काय अडकलं आहे, की तू परत येशील?

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? चौदाव्या वर्षी बंदरावर खोकी ठोकायला लागलो, चार खिळे दातात आणि हातोडी हातात. आज माझ्या कारखान्यातला आमरस दुबईपर्यंत जातो. घर बांधलं, कातळ फोडून दीडशे कलमं लावली. माझं काय अडकलं आहे, असं विचारायचं असेल तर एक दिवस पुरणार नाही. या तोऱ्यात फेब्रुवारीत आम्ही मुंबईला वकिलातीत गेलो. नीरजाच्या लग्नातला कोट घातला. रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जायचं नाही म्हणून आमरसाचा एक डबाही घेतला. तो दारावरच्या शिपायाने दोन बोटांनी उचलून अशा रीतीने बाजूला ठेवला, की आत बॉम्ब नसून हापूस आहे हे सांगायची मला लाज वाटली.

आत काचेच्या खिडकीमागे एक चष्मेवाला साहेब आणि त्याच्या शेजारी मराठी दुभाषी बाई. बाईंचं बोलणं अगदी पुणेरी, इस्त्री केलेलं. पण माझे कान तुला माहीत आहेत. खोकं ठोकताना नुसत्या आवाजावरून फळी कुठे तडकली ते मी सांगायचो. दोन वाक्यांनंतर मी ओळखलं, की वाक्याच्या शेवटी हा जो हेल खाली उतरतो, तो देवरूखच्या घाटीखेरीज दुसरीकडे उतरत नाही. गप्प बसलो. प्रत्येक माहितीचा उपयोग त्याच्या वेळी.

साहेबाने विचारलं, घर कुणाचं? म्हटलं, आमचं. कागद बघून तो म्हणाला, हे तर बाईंच्या नावावर आहे. कारखाना? तोही बाईंच्या नावावर. (नावच मुळी 'सावित्री कॅनिंग'.) कलमांची बाग? बाईंची. मग तुमचं काय?

दादा, हे कुणामुळे झालं ते आठव. एक्याण्णव साली बिटकीच्या झाडावरून तुझी पहिली नोटीस आली, आणि भाऊबंदांचा हात पोचू नये म्हणून मी शहाणपणाने सगळं बायकोच्या नावावर केलं. वकीलसुद्धा म्हणाला होता, "हरीभाऊ, तुमच्यासारखं डोकं सगळ्यांना नसतं." ते डोकं त्या काचेपुढे उभं होतं आणि त्याच्याकडे दाखवायला एकच कागद होता, आपल्या गावच्या सामाईक जमिनीचा सातबारा. तो मी मोठ्या दिमाखात आत सरकवला. साहेब नावं मोजायला लागला. त्रेचाळीस. माझं सतरावं. (तुझं सोळावं, इथेही तू आडवा आलास.) त्याने विचारलं, यातली तुमची नेमकी कुठली? मी खरं ते सांगितलं, की ते आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. मग त्याने विचारलं, हे बाकीचे बेचाळीस कुठे आहेत? म्हटलं, नऊ वारले, चौदा मुंबईला, तिघांचा पत्ता नाही. साहेबाने पेन खाली ठेवलं. जिथून माणसं अशी जातात, तिथे हा परत कशाला येईल, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

सावित्रीचा व्हिसा पास. मला एक छापील कागद मिळाला, त्याचा अर्थ असा की आपल्या देशाशी आपले पुरेसे धागे आहेत हे आपण दाखवू शकला नाहीत, पुन्हा अर्ज करायला मोकळीक आहे. पन्नास वर्षं या मातीत राबलेल्या माणसाला हे छापून देतात! परतीच्या गाडीत सावित्री पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. पनवेल आलं. मग म्हणाली, "म्हणजे मी मालकीण आणि तुम्ही कूळ." चिपळूणला म्हणाली, "कूळ म्हणून तरी कागद करून घ्या माझ्याकडून." पण रत्नागिरीला उतरल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. म्हणाली, "पोरीने पाळण्याचं तुम्हाला सांगितलंय, मला नाही. मी एकटी जाऊन तिला काय तोंड दाखवू?"

पण त्या दिवशी मी नुसता हात हलवत परत आलो नव्हतो. माझा नकार झाल्यावर सावित्रीचे कागद व्हायला तासभर लागला. तेवढा वेळ मी बाकावर बसून कान उघडे ठेवले. अकरा जणांच्या मुलाखती ऐकल्या. मुलाला बघायला जीव तळमळतोय म्हणून रडणारे तिघे, तिघेही नापास. बँकेतली ठेव दाखवणारे निम्मे पास. पण एक म्हातारी बाई म्हणाली, "माझी सून घरी एकटी आहे, तिला किल्ल्या देऊन आलेय, दोन महिन्यांवर मी राहूच शकत नाही." ती एका मिनिटात पास! तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रेमामुळे माणूस तिकडे जातो, हे साहेबाला माहीत आहे. परत कशामुळे येतो, ते त्याला दाखवायचं. आणि मला परत आणील असं प्रेम नव्हे, दुसरंच काहीतरी माझ्यापाशी होतं. अकरा वर्षं सांभाळलेलं.

मार्चच्या शेवटी पुन्हा गेलो. या खेपेस कोट नाही, डबा नाही. काखोटीला लाल फडक्यात बांधलेलं आपल्या दाव्याचं दप्तर. खिडकीत एक तरुण मडम होती, पण दुभाषी बाई त्याच. प्रश्नही तोच. मी फडकं सोडलं आणि म्हटलं, २१ ऑक्टोबरला माझी तारीख आहे, मी हजर नसलो तर निकाल एकतर्फी होईल आणि झाड माझ्या चुलतभावाला जाईल. बाईंनी इंग्रजीत सांगितलं. मडम म्हणाली, कसलं झाड? म्हटलं, बिटकीचं. आणि दादा, त्या क्षणी बाईंची इस्त्री मोडली. "अवो, बिटकीसाठी कोर्टात?" असं थेट देवरुखी हेलात त्यांच्या तोंडून गेलं. मग त्या ओशाळल्या, आणि मडमला समजावून सांगायला लागल्या, की बिटकी म्हणजे लिंबाएवढा रायवळ आंबा, वर आंबट, आत कोय. मडमने विचारलं, त्याला बाजारात भाव काय? मी म्हटलं, बाजारात नेत नाही. वांदर तोंडात घालतो आणि थुंकतो. मग भांडण कशासाठी? म्हटलं, झाड गडग्यावर उभं आहे. मूळ माझ्याकडे आणि फांद्या त्याच्याकडे.

तिने पंचनाम्याचा नकाशा मागितला. तुझ्या वकिलाने जोडलेला, ज्यात प्रत्येक फांदीला नंबर आहे. ती बघतच राहिली. शेजारच्या खिडकीतल्या साहेबाला हाक मारून तिने तो नकाशा दाखवला. (फेब्रुवारीतला चष्मेवालाच. त्याने मला ओळखलं.) दोघं नकाशावर वाकून सात नंबरची फांदी कुठे जाते ते बघत होते. माझ्या छातीत काय वाटलं सांगू? आपल्या वाडीतली बिटकी अमेरिकेच्या टेबलावर पसरलेली! शेवटी मडमने विचारलं, अकरा वर्षं झाली, हे भांडण सोडून द्यावं असं कधी वाटलं नाही? मी म्हटलं, "बाई, माझा भाऊ चौऱ्याहत्तराव्या वर्षात आहे. मी तारखेला गेलो नाही, तर तो कोर्टाच्या पायरीवर माझी वाट बघत बसेल. त्याचा डबा वहिनी दोघांचा करून देतात." हे मात्र दुभाषी बाईंनी जरा सावकाश सांगितलं. मडमने शिक्का घेतला. बाई मला मराठीत म्हणाल्या, "मॅडम म्हणतात, हा माणूस परत येणारच."

तर जूनअखेर कॅनिंग आटोपलं की आम्ही निघतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत. तुला आणि वहिनींना भेटून जाऊच. सर्व लहानथोरांस यथायोग्य. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझा
हरिश्चंद्र
(प्रतिवादी)

ता. क. राहीने तुझा निरोप सांगितला, की डोळ्याच्या ऑपरेशनला टेबलावर झोपवलं तेव्हा तुला वाटलं आता पुरे, आणि तू दावा मागे घेणार आहेस. दादा, पाया पडतो, असं काही करू नकोस! निदान ऑक्टोबरपर्यंत तरी नको. व्हिसा म्हणजे नुसतं दारापर्यंत यायचं आमंत्रण. आत घ्यायचं की नाही, आणि किती दिवस, ते तिथल्या विमानतळावरचा साहेब ठरवतो, आणि तोही हेच विचारतो म्हणे. दावाच उरला नाही, तर मी त्याला काय दाखवू? सातबारा?

ता. क. २. खरं काम हे. मला एक धमकीचं पत्र पाठव. रजिस्टर पोस्टाने, पोच घेऊन. २१ तारखेला हजर राहिला नाहीस तर बिटकी मुळासकट माझी, असं सडेतोड लिही. भाषा तुला सांगायला नको, अकरा वर्षांची सवय आहे. नीरजाची मैत्रीण त्याचं इंग्रजी करून देणार आहे. मी तो कागद पासपोर्टातच ठेवीन.

ता. क. ३. या वर्षीची बिटकी दोन्हीकडची तूच उतरव. वहिनींना लोणचं घालू दे. मी आल्यावर त्याबद्दल रीतसर तक्रार करीन, म्हणजे दाव्यात जीव राहील. लोणच्याची एक बरणी मात्र आमच्यासाठी ठेव, मग समेटाच्या कागदावर सही कुठे करायची ते सांग. तडजोड मला एक्याण्णव सालापासून मान्य आहे, आधी कोण म्हणतो एवढाच प्रश्न होता. तू म्हणालास.

ता. क. ४. तुझ्या आजवरच्या प्रत्येक नोटिशीखाली, वकिलाच्या सहीच्याही खाली, तू पेनाने "सौ. सावित्रीस अनेक आशीर्वाद" असं लिहीत आला आहेस. या धमकीच्या पत्रात ते लिहू नकोस, साहेबाला संशय येईल.

ता. क. ५. सावित्रीने वरचं वाचलं. ती म्हणते, ती ओळ नसेल तर ती विमानात चढणार नाही. लिही. साहेबाचं मी बघून घेईन.