मदरबोर्डावर सांडलेलं कुंकू

"हात लावायचा नाही, कशालाच," असं तुम्ही मला एकदाच म्हणालात आणि ते मला साठ वर्षं पुरलं. दोन्ही भावांना डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायला बसवलंत, मला मात्र दुकानाच्या पायरीवरून जेवणाचा डबा आत सरकवायचा हुकूम. का, तर खंडेनवमीला तुम्ही हत्यारं पूजेला मांडली होती, आई ताट आणत होती, आणि मी नऊ वर्षांची शहाणी एका गिऱ्हाइकाच्या उघड्या घड्याळावर कुंकू टाकून मोकळी झाले. मारलं नाहीत. मारलं असतंत तर विसरले असते. शाळा चौथीत सुटली ती आईच्या बाळंतपणांमुळे, ते तुमच्या माथी मारत नाही. पण हात आखडला तो तुमच्यामुळे. अजून मिक्सरचं भांडं अडकलं की मी शेजारणीला हाक मारते. असो. अण्णा, नमस्कार.

आता मुद्द्याचं. तुमची पणती, म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, कॉलेजात आहे आणि माझ्याजवळ कोथरूडला राहते. तिला कॉम्प्युटरवर खेळ खेळायचे होते. तयार आणला तर कमीपणा येतो म्हणे, सुटे भाग आणून घरीच जोडायचा. त्यात एक मदरबोर्ड असतो. "आजी, ती एक मोठी पाटी असते. बाकी सगळं तिच्यावरच बसतं. ती चुकली की सगळं चुकलं." म्हटलं, म्हणजे घरातली सून. "सून नाही गं, घरच." दोन आठवडे ती फोनवर पाट्या बघत होती. एवढ्यात मी चार स्थळं बघून तीन मोडली असती. शेवटी दोन उरल्या. एक झगमगीत, कडेने रंगीत दिवे, वर चांदीसारखं कवच. दुसरी काळी, साधी, विधवेसारखी.

"दिव्यांनी खेळ जास्त चांगला चालतो का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"छान दिसते. हे सगळं ज्या डब्यात बसवायचं त्याला काच आहे आजी, बाहेरून दिसणार."

"मग काचेत बाहुली ठेव."

अण्णा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तुळशीबागेत पोळपाट घेताना मी वरचा गुळगुळीतपणा बघत नाही. उलटा करते, पाय बघते, फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते बघते. तेच इथे केलं, दोन आठवडे तिच्याच तोंडून ऐकलेले शब्द घेऊन. म्हटलं, तुझी ती मुख्य चिप हिच्यावर बसते का? दोन्हींवर बसते. मेमरीला खाचा किती? दोन्हींना चार. चिपला वीज कुठली नीट पुरवते? जरा वाचून म्हणाली, साधीसुद्धा पुरेशी पुरवते. आणि डब्यात मावते का? ते बघायचं राहिलंच होतं. डबा तिने आवडला म्हणून आधीच आणून ठेवलेला, म्हणजे ब्लाउज शिवून झाला आणि आता त्यात बसणारी शोधायची. टेप आणायला लावली, डबा मोजून फोनवरच्या मापाशी ताडला. झगमगीत पाटी डब्यापेक्षा तीन बोटं मोठी निघाली. "बाई गं," म्हणाली, आणि साधी मागवली.

मंगळवारी दुपारी पाटी आली. जेवणाच्या टेबलावर ठेवून, चिप बसते त्या मधल्या चौकोनावरचं झाकण उघडून ती मला आत दाखवतेय. केसाहून बारीक सोनेरी तारा, शेकड्यांनी उभ्या. "यातली एक वाकली तरी पाटी गेली. दुकानदार परतही घेत नाही." तेवढ्यात बेल वाजली आणि ती दाराशी गेली. मी काय केलं असेन? घरात नवी वस्तू आलेली. फ्रिजला लावलं, स्कूटरला लावलं, हिनेच काय पाप केलं? करंडा आणला. कडेला एक बोट टेकवायचं होतं, पण बोटं हल्ली थरथरतात. चिमूट सांडली ती नेमकी त्या चौकोनात.

पदर हातात घेतला. पुसणारच होते. आणि तुमचा आवाज आला, तसाच्या तसा. हात वरच्या वर राहिला. ती परत आली तेव्हा मी तशीच उभी.

"काय केलंस?"

"कुंकू लावलं."

"पुसलंस?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हणते ना, कोर्टात उभी केलीस का मला?"

ती पाटीवर वाकली. "पदराने पुसलं असतंस तर सगळ्या वाकल्या असत्या. कोरडं होतं की ओलं?"

"कोरडं. पाणी घ्यायचा कंटाळा केला."

"तुझ्या कंटाळ्याला साष्टांग नमस्कार, आजी!"

तिने पाटी उपडी धरून कॅमेरा साफ करायच्या रबरी फुग्याने वारा मारला. मी टॉर्च धरली. फुंकर घालायला गेले तर किंचाळली, "थुंकी उडेल!" लाल भुकटी खाली कागदावर पडत गेली. मला वाटलं, आता म्हणेल, तू स्वयंपाकघरात जा. तर म्हणाली, "ये, चिप तू ठेव. हा त्रिकोण त्या त्रिकोणावर आला पाहिजे. दाबायचं नाही, नुसती सोडायची." मी ठेवली, अण्णा. बोटं थरथरली नाहीत. मग तिने चिप आवळून धरणारी दांडी दाबली तर कर्रर्र आवाज. मी देवाचं नाव घेतलं. "असाच येतो," म्हणाली.

संध्याकाळी सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. ती म्हणते, पहिल्या वेळी वेळ लागतो. मी म्हणते, कुंकू. दोघी पडद्याकडे बघत बसलो. मग पांढरी अक्षरं उमटली. ती नाचायला लागली. मी तिला म्हटलं, आधी चहा टाक, माझ्याने उठवत नाही. आठवडा झाला, मशीन ठणठणीत आहे. काल मिक्सरचं भांडं अडकलं, मीच काढलं.

तुमचं ते वाक्य त्या दिवशी कामाला आलं, हे मी कुणाला सांगणार नाही, तुम्हालाही परत सांगणार नाही. आणि तुम्ही गेलात तिकडे हे पत्र टाकायला पेटी कुठे आहे. पण एक कबूल करते. चहा पिताना तिने विचारलं, "पणजोबा घड्याळं दुरुस्त करायचे ना, मग तुला का नाही शिकवलं?" मी म्हटलं, मलाच आवड नव्हती. खोटं बोलले. तुमची बाजू सांभाळली, का ते मला माहीत नाही. ती पुन्हा विचारणार, तशीच आहे ती. तेव्हा मी बोलणार नाही. उत्तर तुम्ही द्यायचं, आणि नेहमीसारखं आईला पुढे करायचं नाही.