डावीकडची तिसरी शिवण

आबा, माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी सांगतो, मग बाकीचं. तिघांचा एक तंबू, खुंट्या आणि दोऱ्यांसकट एक किलो सातशे चाळीस ग्रॅम. पाठीवरच्या पिशव्या दोन, एक माझी, एक लेकीची. बायकोला दुकानातलीच हवी होती. पेयांच्या दोन रिकाम्या डब्यांची स्पिरिटवर चालणारी शेगडी, जिच्यावर अर्धा लिटर पाण्याला साडेसात मिनिटांत उकळी येते, वारा नसेल तर. पावसात पिशव्यांवर चढवायच्या खोळी तीन. हिगाशी-कसाईच्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसेल असं घडीचं टेबल, कारण दुकानातलं प्रत्येक टेबल चार सेंटिमीटरनं मोठं निघायचं. शिवणयंत्र जुन्या वस्तूंच्या दुकानातलं आहे, पण ते बंद होतं, मी खोलून चालू केलं. तेही यादीत धरायला हरकत नाही. कात्री मात्र तुमची. दहावी झाल्यावर दिलीत ती. इथे दोनदा धार लावून घेतली. दुसऱ्यांदा धार लावणारा म्हातारा ती उलटसुलट करून बराच वेळ बघत होता.

तुम्ही जाऊन सत्तावीस वर्षं झाली, तेव्हा हे सांगायला हवं की मी जपानात राहतो. अकरा वर्षांपूर्वी बायकोला तोक्योत काम मिळालं आणि पुण्यातली स्टोअरकीपरची नोकरी सोडून मी तिच्या मागून आलो. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. तुम्ही काय म्हणाला असता, माहीत नाही. ती सकाळी सातच्या ट्रेननं जाते. स्वयंपाक माझ्याकडे, कचऱ्याचे वार माझ्याकडे, आणि आठवड्यातले चार दिवस एका भारतीय किराण्याच्या गोदामात बाइतो, म्हणजे तासावारी काम. उरलेल्या वेळात जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडून शिवतो. कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे. कोणी शिकवलं नाही, स्वतः शिकलो. वडिलांचा कोल्हापुरात मार्केट यार्डाबाहेर ताडपत्र्या शिवायचा धंदा होता, पण त्यांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की माझी पंधरा वर्षांची लेक ते वाक्य माझ्याआधी पुरं करते, तेही जपानीत.

गेल्या महिन्यात जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही सात जण आल्प्सला गेलो. जपानातही आल्प्स आहेत. नाव युरोपातून आलं, डोंगर इथलेच. आम्ही तिघं, फुनाबोरीचं एक मराठी जोडपं, उरायासुला राहणारी बायकोची मैत्रीण, आणि बायकोच्या ऑफिसातून निवृत्त झालेले तिचे साहेब, ज्यांना सगळे अजूनही बुचो-सान, म्हणजे विभागप्रमुख, असंच म्हणतात. वाट दाखवायला ते. बाकीचं सगळं फुनाबोरीवाल्याच्या तक्त्यात होतं, कोणी किती कांदे आणायचे इथपर्यंत. कामिकोचीला बस सोडते, तिथून नदीच्या काठाकाठानं दोन तास चाललं की तोकुसावा नावाचं गवताळ पठार लागतं, तिथे मुक्काम. वाट सपाट आहे. नदीचं पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. वाटेत माकडांचं एक टोळकं समोरून आलं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता शेजारून निघून गेलं. उरायासुची मैत्रीण म्हणाली, ऑफिसातल्या लिफ्टमध्ये असंच असतं.

तंबू उभा करताना लेक लांब जाऊन उभी राहिली. तिला दुकानातला तंबू हवा होता. निघायच्या आधी आईजवळ ‘हाझुकाशी’ म्हणाली होती, लाज वाटते, आणि मी स्वयंपाकघरात ते ऐकलं होतं. फुनाबोरीवाल्यानं आमच्या करड्या तंबूभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काय हो, या मांडवात किती पानं वाढायची? आहेर आणायला हवा होता." सगळे हसले, मीही हसलो. मग मी त्याला तंबू दाखवला. इंचाला नऊ टाके. प्रत्येक शिवणीला दुहेरी दुमड आणि दोन टिपा. दुकानातल्या तंबूंना शिवणींवर आतून चिकटपट्टी लावावी लागते. दुमड नीट असली की तिची गरज नाही, म्हणून मी लावलेली नाही. आणि अर्थात, कोणी शिकवलं नाही. बुचो-सान शिवणीवरून अंगठा फिरवत होते. ते लेकीला काहीतरी म्हणाले, आणि ती दोन पावलं जवळ आली.

साडेतीनला पाऊस सुरू झाला. डोंगरातला पाऊस, बर्फासारखा गार, सरळ रेषेत पडणारा. जो तो आपापल्या तंबूत गेला. आम्ही तिघं आत बसलो होतो, शेंगदाण्याचे लाडू खात, आणि मला फार बरं वाटत होतं, आबा, छपरावर तो आवाज आणि खाली माझी माणसं कोरडी. वीसेक मिनिटांनी लेकीच्या पुस्तकावर एक थेंब पडला. मग दुसरा, तिच्या डोक्यावर. तिनं वर बघितलं, मी वर बघितलं. डावीकडची तिसरी शिवण. तिची दुमड उलटी होती.

ताडपत्री असो की तंबू, वरचं कापड खालच्यावर चढलं पाहिजे, कौलांसारखं, म्हणजे दुमडीचं तोंड जमिनीकडे राहतं आणि पाणी घसरून जातं. तोंड वर राहिलं की दुमडीची पन्हळ होते, पाणी साचतं आणि टाक्यांच्या भोकांतून आत येतं. कसं झालं तेही मला तिथेच आठवलं. त्या शिवणीला टाचण्या लावणार इतक्यात बायको ऑफिसातून आली. टेबल एकच. कापड गुंडाळून खोलीत ठेवलं, पोळ्या केल्या, जेवलो, भांडी घासली, आणि परत मांडताना कापडाची वरची बाजू खाली आली. दोन्ही टिपा मात्र अगदी सरळ होत्या.

मी तेरा वर्षांचा आहे. मेची सुट्टी. तुम्ही जेवायला घरी गेलाय आणि गुळाच्या ट्रकची ताडपत्री मशीनखाली आहे, बावीस फुटांची शेवटची शिवण राहिलीय. मी बसतो. पाय पायट्याला पुरतात. टीप सरळ जाते. शेवटचा दोरा तोडतोय तोच व्यापाऱ्याचा ड्रायव्हर येतो आणि विचारतो, झाली का रं? मी म्हणतो, झाली. तुम्ही परत आलात तेव्हा ट्रक गेला होता. मी छाती काढून सांगितलं, मी शिवली. तुम्ही एवढंच विचारलंत की दुमड कुणीकडं ठेवलीस, आणि मला तो प्रश्नच कळला नाही.

घाटात वळवानं ट्रक गाठला. तिसऱ्या दिवशी व्यापारी आला आणि ती ताडपत्री त्यानं दुकानाच्या दारात टाकली. "मास्तर, पाणी अडवायला ताडपत्री घेतो आम्ही. गाळायला न्हाई." तुम्ही ती उलगडली, शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा माझ्याकडे बघितलं. मी रिळांच्या फळीपाशी उभा होतो. मग तुम्ही म्हणालात, "माझ्याच हातनं झालं, शेठ." मी तोंड उघडलं नाही. तो माणूस पुन्हा आपल्याकडे आला नाही. तो गेल्यावर तुम्ही माझ्या हातात ब्लेड दिलंत आणि मी बावीस फूट उसवले. पुन्हा टीप मारताना तुम्ही मला कापड धरायला बसवलंत, माझं बोट धरून दुमडीवर ठेवलंत. "हितनं पाणी जाणार. तोंड खाली." मग म्हणालात, आता दहावी होईस्तोवर मशीनला हात लावायचा न्हाई. यातलं शेवटचं वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. आधीचं कोणालाच सांगितलं नाही.

तर तंबूत पाणी गळतंय, आणि बाहेरून फुनाबोरीवाल्याचा आवाज येतो. त्यांनी तंबू खोलगट जागी लावला होता, खालून पाणी शिरलं होतं, आणि त्याची बायको त्याला बोलत होती ते आम्हालाही ऐकू येत होतं. त्यानं ओरडून विचारलं, "ओ, तुमच्याकडे गळतंय का?" मी उत्तर द्यायच्या आधी लेकीनं शिवणीखाली चहाचं पातेलं सरकवलं, त्यात रुमाल टाकला म्हणजे टपटप ऐकू येऊ नये, आणि म्हणाली, "नाही काका, इथे सगळं कोरडं आहे." घरात मी मराठीत विचारलं तर ती जपानीत उत्तर देते. हे वाक्य तिनं मराठीत म्हटलं, स्वच्छ, एकही अडखळ न घेता. मग माझ्याकडे न बघता पुस्तक उघडलं. मी लाडूचा डबा बंद केला. बायको माझ्याकडे बघत होती.

सकाळ लख्ख निघाली. शिखरं इतकी जवळ दिसत होती की उरायासुची मैत्रीण म्हणाली, रात्रीत कोणीतरी पुढे ओढली. माझ्या शेगडीवर सात कप चहा झाला, दोन खेपांत. आम्ही नदीकाठानं आणखी तासभर वर गेलो, झुलत्या पुलावर फोटो काढले, परत येऊन तंबू सोडले, कचऱ्याची पिशवी फुनाबोरीवाल्यानं आपल्या पाठीला बांधली. त्यानं वाटेत सगळ्यांना दोनदा सांगितलं की पुढच्या खेपेला तो माझ्याकडूनच तंबू शिवून घेणार. लेक माझ्या पुढे चालत होती, मी शिवलेली पिशवी पाठीवर.

कामिकोचीच्या बसच्या रांगेत बुचो-सान लेकीशी बराच वेळ बोलले. मला कामापुरतं जपानी येतं, त्यातले आकडे तर पक्के कळतात. तिनं येऊन सांगितलं की त्यांच्या भावाचं मात्सुमोतोला डोंगरातल्या सामानाचं दुकान आहे, आणि त्यांना हाच तंबू तिथे ठेवायला हवाय, विकत. नवा नको, हाच, कारण हा त्यांनी पावसात उभा असलेला बघितलाय.

मी म्हटलं, "त्यांना सांग, हा विकता येणार नाही. डावीकडची तिसरी शिवण उलटी आहे. काल पाणी आत आलं."

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी सगळ्यांना गळत नाही म्हणून सांगितलंय."

"तुझं राहू दे. शिवण माझ्या हातनं चुकली, एवढं सांग."

तिनं सांगितलं. बुचो-सान यांनी तंबूची पिशवी मागून घेतली, उघडली, ती शिवण शोधून काढली आणि अंगठा फिरवला, अगदी तुमच्यासारखा, नखानं तोंड चाचपत. मागून फुनाबोरीवाला म्हणाला, "म्हणजे गळत होता! आणि आम्ही तिकडे बुडत असताना ही पोरगी काय ठणकावून बोलली." सगळे हसले, लेक सगळ्यांत जास्त. बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं विचारलं, दुमड उलटी आहे हे नुसतं बघून तुम्हाला कसं कळलं? मग मी तिला गुळाच्या ट्रकची गोष्ट सांगितली, सगळी, रिळांच्या फळीसकट. ती म्हणाली, म्हणजे आजोबांनी शिकवलं होतं. मी म्हटलं, हो.

मागच्या रविवारी तिनं ती शिवण उसवली, टेबलावर, तुमच्या कात्रीच्या टोकानं. मी तिचं बोट दुमडीवर ठेवलं आणि टीप तिला मारायला दिली. तिची टीप वाकडी आहे, मध्ये तर चांगली दोन मिलिमीटर सुटलीय. तोंड खाली आहे.

हे पत्र कात्रीच्या डब्यात ठेवतो. दुसरीकडे ठेवण्यासारखी जागा नाही. एकच सांगायचं राहिलं. ती शेजारी उभी नसती तर बसच्या रांगेत मी खरं बोललो असतो की नाही, याची मला खात्री नाही. तंबू दुरुस्त झाल्याचं बायकोकडून कळल्यावर बुचो-सान यांनी पुन्हा विचारलं, पहिल्यापेक्षा वाढवून, आणि या वेळी मला दाखवायला एकही दोष नव्हता. तरी मी नको म्हणून कळवलं. दीड लाख येन देत होते, आबा.